कुंपणातली रानकॉफी

ओहोटी संपत आली तशी मिर्लेन समुद्रातून वर आली. खांद्यावर सळई, सळईला ओवलेले ऑक्टोपस. चढावरच्या वळणाशी तिनं मान खाली घातली. तिथल्या कुंपणाकडं बघायचं नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. पण समोरून पाण्याचा डबा घेऊन येणाऱ्या माणसावर ती नेमकी आदळली आणि अर्धं पाणी त्याच्या पायांवर सांडलं.

"अहो, जपून! ती सळई ऑक्टोपससाठी आहे की माझ्यासाठी?"

"अजून ठरवलं नाही," ती म्हणाली… आणि तिनं वर पाहिलं. रानकॉफीचा राखणदार. गास्पार.

त्याचंही हसू विरलं.

महिन्यापूर्वी ती याच कुंपणाशी आली होती. बाबा अंथरुणाला खिळलेले, आणि त्यांचा एकच हट्ट – रानकॉफीचा काढा. बेटावरची जुनी माणसं प्रत्येक दुखण्यावर तोच देत. देता देता झाडंच संपली. साऱ्या जगात रानातलं म्हणून एकच उरलं, ते या जाळीमागं. गास्पार नाही म्हणाला होता. त्याच आठवड्यात बाबा गेले.

"काढ्यानं वाचले असते?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही. ते मलाही ठाऊक होतं. पण शेवटचं मागितलेलं… देता आलं असतं."

त्यानं किल्ली काढली. एक कुंपण, त्याच्या आत दुसरं.

"या. एक फांदी तोडा, त्यांच्या थडग्यावर ठेवा. मी बघत नाही."

"नोकरी जाईल तुमची."

"जाईल." आणि त्यानं पाठ फिरवली.

झाड जेमतेम तिच्या खांद्याएवढं. फांदीच्या टोकाला एक फूल नुकतंच उमललं होतं – पांढरं, पाच पाकळ्यांचं, चांदणीसारखं. झाडं होती तोवर बाबांनी याची पानं उकळली, पण फुलाबद्दल कधी बोलले नाहीत. बहुधा पाहिलंच नसावं. पृथ्वीवरच्या कुठल्याही रानात याला जोड नव्हती, आणि ते तिच्या श्वासानं हलत होतं! तिनं श्वास रोखला. पुढं गेलेला हात आपसूक मागं आला.

"तोडली?"

"इकडं बघा ना…"

तो वळला, पण बघत राहिला तिच्याकडं.

"फूल तिकडं आहे."

"ते रोज बघतो. दफनाच्या दिवशी चर्चमध्ये मागच्या बाकावर होतो मी. पुढं यायचं धाडस झालं नाही. तेव्हापासून ओहोटी संपायच्या वेळेला इथं येतो… पाणी घालायला."

"ओहोटीला तहान जास्त लागते वाटतं झाडाला?"

"झाडाला नाही," तो म्हणाला.

ती हसली, महिन्याभरात पहिल्यांदाच. हसता हसता डोळे भरून आले, तेही तिनं पुसले नाहीत.

"घरी चला. आई शिव्या घालेल, आधीच सांगते."

"घालू दे."

"आधी जेवायला घालेल."

तो कुलूप लावू लागला. तिनं त्याच्या हातावर आपला हात ठेवला. कुलूप लागलं… तरी तिनं तो काढून घेतला नाही.