मधमाश्यांना सांगितलेलं नाव

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे माझ्या ओटिली आत्याच्या अंगणात खरोखर घडलंय. १९२२चा फेब्रुवारी. पोझनानजवळचं आमचं जर्मन वस्तीचं गाव. दुसऱ्या दिवशी घर सोडायचा हुकूम होता.

तिच्या नवऱ्याने, राइनहोल्डने, दलदल उपसून ती जमीन पिकवली होती. करार झाला होता तो कैसरच्या जर्मन सरकारशी. पक्की नोंद व्हायच्या आत युद्ध संपलं आणि तिथे पोलंडचं राज्य आलं. नवं सरकार म्हणालं, नोंद नाही तर जमीन तुमची नाही. जुनं नामानिराळं राहिलं. त्या धसक्याने राइनहोल्ड गेला.

आत्याची सगळी भिस्त आता दिरावर होती.

"अपील केलंय, वहिनी. निर्धास्त राहा," असं सांगून एमिल बर्लिनला गेला होता.

संध्याकाळी ती सामान बांधत होती, आणि...

टक... टक... टक.

आवाज मागून आला. मधमाश्यांच्या पेट्यांकडून.

ती बाहेर गेली. बर्फावर पाऊल उमटलेलं नव्हतं. कुणाचंच.

आमच्यात मालक वारला की पेटीवर तीनदा वाजवून माश्यांना सांगतात, मालक गेला, आता मालक अमुक. नाहीतर माश्या टिकत नाहीत. राइनहोल्ड गेला तेव्हा हे एमिलने केलं होतं.

तिने पेटीला कान लावला. एवढ्या थंडीत माश्या गप्प असतात.

आत मात्र... नुसतं घुमत होतं.

कुंपणापलीकडे पोलिश शेजारीण ब्रोनिस्वावा उभी होती.

"तुम्ही वाजवलंत?" आत्याने विचारलं.

"मी कशाला? मला वाटलं, तुम्हीच." ती जरा घुटमळली. "ओटिलीबाई, त्या दिवशी मी इथेच कपडे वाळत घालत होते. तुमच्या दिरांनी माश्यांना तुमचं नाव नाही सांगितलं. स्वतःचं सांगितलं."

"आणि हे आज सांगताय?"

"तुमच्या घरात काडी कशाला टाकू, म्हणून गप्प बसले. पण काल आमच्या ह्यांनी कचेरीत ऐकलं. मालक म्हणून सही करून त्यांनी अपील मागे घेतलंय. बदल्यात तिकडे जर्मनीत शेत मिळालं त्यांना."

आत्याने पेटीवर हात टेकला. सरकारने लुबाडलं ते तिने सोसलं होतं. पण एमिलला तिने स्वतःच्या हाताने जेवायला वाढलं होतं. घरच्यानेच केसाने गळा कापला.

टक... टक... टक.

आता पेटीच्या आतून.

राइनहोल्ड विचारत होता, मालक कोण?

एमिलचं नाव तिच्या तोंडून निघणार नव्हतं. स्वतःचं घेतलं असतं, तर ते खोटं झालं असतं.

"मला माहीत नाही हो," ती म्हणाली.

घुमणं थांबलं.

सकाळी पेट्या रिकाम्या होत्या. बर्फावर एकही मेलेली माशी नव्हती.

पुढे जर्मनीत, निर्वासितांच्या छावणीत, तिच्या खोलीच्या भिंतीतून तशीच टकटक यायची. आत्या दरवेळी तेच उत्तर द्यायची.

ती गेली त्या दिवशी मीच भिंतीवर तीनदा वाजवलं. म्हटलं, ओटिली गेली.

आतून उलट वाजलं... टक... टक... टक.

पुढच्या मालकाचं नाव मी अजून सांगू शकलेलो नाही.