शेंदराखालचा नंबर

संघमित्रा लामत्याला गेली होती एका जुन्या शिलालेखासाठी, आणि जाऊन पाहते तर त्या दगडावर कुणीतरी धुणं आपटत होतं. अक्षरं केव्हाच झिजून गेलेली. बालाघाटच्या संग्रहालयात जुन्या वस्तूंच्या नोंदी करायचं सहा महिन्यांचं काम तिला नुकतंच मिळालं होतं, आणि पहिल्याच आठवड्यात ही गत. परतीची बस तासाभरानं होती. घसा कोरडा पडला म्हणून तिनं समोरच्या घरी पाणी मागितलं... आणि ओसरीवर तिला तो दिसला.

तो म्हणजे पियुष नव्हे. पियुष, त्या घरचा मुलगा, तांब्या घेऊन आला, तो नंतर. आधी दिसला भिंतीवर आडवा टांगलेला लाकडी पंखा. माणसाहून लांब, दोन पाती, कडेला पितळी पत्रा. गाडीच्या चाकाला असतो तसा मधला जाड तुंबा, आणि त्यावर शेंदराचा बोटभर थर. दसऱ्याचा झेंडू अजून सुकायचा होता.

“हा कोणता देव जी?” तिनं विचारलं.

“देव नाई मॅडम. हवाई जहाजाचा पंखा आहे,” तो म्हणाला, आणि हसताना त्याची नजर खाली गेली. संघमित्राला ते उगीचच आवडलं.

लढाईच्या काळात एक विमान शेतात उतरलं होतं. विमानातल्या गोऱ्या साहेबानं चीर गेलेला पंखा बदलला आणि जुना पियुषच्या महागू पणजोबांच्या हवाली केला. परत येतो म्हणाला, तो गेला तो गेलाच.

“मंग पंजोबानं शेंदूर लावून देला. नाई तर चुलीतच गेला असता.”

“बनवला कोणी?”

“तेच तर कोणाले माहीत नाई.”

संघमित्रानं फोटो काढून बंगळूरच्या एका जाणकार संग्राहकाला पाठवले. त्यांचं उत्तर आलं — लाकूड अक्रोडाचं दिसतं, पट्ट्या एकावर एक चिकटवलेल्या आहेत, पण कारखाना सांगायचा तर तुंब्यावर ठोकलेला नंबर हवा. म्हणजे नंबर नेमका शेंदराखाली. आणि पियुषची आई गोदाबाई म्हणाली, “शेंदूर खरवडत नाईत बाई. थराची खोळ आपल्या आपण सुटते. सुटली का नदीत सोडाची. तोवर हात नाई लावाचा.”

संघमित्राच्या घरी शेंदूर नव्हता, देव्हारा नव्हता. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. ब्लेड घेतलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. दुसऱ्याच्या घरची श्रद्धा दुखवू नये, असं तिनं संग्रहालयातल्या साहेबांना सांगितलं. ते खोटं नव्हतंच. पण खरं कारण तिला रात्री उशीवर डोकं टेकलं की छळायचं. नंबर सापडला की काम संपलं. मग बालाघाटच्या बौद्ध घरातली मुलगी लामत्याच्या शेतकऱ्याच्या ओसरीवर दर गुरुवारी कोणत्या तोंडानं जाऊन बसणार?

तोवर मापं तर घ्यायलाच हवी होती. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो, मधे टेप.

“सरळ धरा.”

“धरूनच तर राह्यलो.”

“माझ्याकडे नाई, टेपकडे पाहा.”

“टेप तर मागच्या गुरुवारीही एवढीच भरली होती... मॅडम.”

धान कापून झालं, थंडी आली, गेली. मापं तीच राहिली. चहाचा कप देताना त्याची बोटं एकदाच लागली, आणि ती पुढचे सहा दिवस त्या एका क्षणावर जगली. आठवड्यात गुरुवार सोडला तर बाकी वार उगाच येतात, असं तिला वाटू लागलं होतं.

मार्चच्या तिसऱ्या गुरुवारी पियुष शेतावर होता. गोदाबाई सहज बोलून गेली, “खोळ तर पडली नं, पंधरा दिवस झाले. पियुषनं नाई सांगतलं? त्यानंच नदीत सोडली अन् त्यानंच नवा शेंदूर लावला. चांगला जाडजूड.”

मागच्या गुरुवारी रंग ताजा दिसला, तर पियुषच म्हणाला होता, होळीचा म्हणून एक हात देला! संघमित्राची कानशिलं तापली. एकतीस तारखेला नोंदी द्यायच्या होत्या.

तो आला तेव्हा ती उभीच होती. “तू लपवलं.” ‘तुम्ही’ केव्हा गळून पडलं, तिलाही कळलं नाही.

“हौ.”

“काहून?”

तो बराच वेळ हातातली माती झटकत राहिला. “नंबर भेटला असता तर... तू आली नसती.”

“माझी सहा महिन्यांची मेहनत पाण्यात गेली असती, पियुष.”

“माहीत आहे. रोज सोचत होतो, आता फोन करतो. मंग गुरुवार जवळ येत होता.”

राग होता, पण त्याच्या आतून असा आनंद वर येत होता की तिला तिचीच लाज वाटली. गोदाबाईनं दोघांकडे एकेकदा पाहिलं. आत जाऊन तिनं तेलाची वाटी आणि फडकं आणलं, वाटी मधोमध ठेवली. “हा शेंदूर देवासाठी नाई लावला यानं. पुसा,” म्हणाली आणि चुलीकडे निघून गेली.

तेलाच्या बोटानं बारीक आकडे उघडे पडले. ती वाचत गेली, तो लिहीत गेला.

चार दिवसांत उत्तर आलं. एकोणीसशे एकेचाळीस, इंग्लंडमधला एक छोटा कारखाना, लढाईनंतर बंद पडलेला. सहा महिने कोरी राहिलेली ‘निर्माता’ ही चौकट तिनं भरली, आणि पियुषला फोन केला.

“म्हणजे सापडला.”

“सापडला.”

तिनं नोंदवही मिटली.

“आता मी येणार नाई,” ती म्हणाली. “तुले यायचं असन तर आमच्या घरी ये. रविवारी बाबा घरी असतात. पण काही कारण घेऊन नको येऊ.”

पहिल्या रविवारी तो आला नाही. तिनं अंगण दोनदा झाडलं. मोटरसायकलचा आवाज झाला की झाडू थांबायचा. गाडी पुढच्या गल्लीत वळायची. फोन हातात घेऊन तिनं तीनदा खाली ठेवला. ही वाट त्याची त्यानंच चालायला हवी होती.

दुसऱ्या रविवारी दार वाजलं. तिचे वडील, खेमराज, उठले. आतल्या खोलीत संघमित्रा भिंतीला टेकून उभी राहिली. पडद्याच्या फटीतून तिला पियुष दिसला... हातात पिशवी नाही, कागद नाही, काहीच नाही.

“काय काम होतं, बेटा?” खेमराजांनी विचारलं.

“काम काहीच नाई जी,” पियुष म्हणाला. “संघमित्राले भेटाले आलो.”

खेमराजांनी आधी त्याच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं, आणि मग ते दारातून बाजूला झाले.