मावशीशी बोलणारी बाई

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि मी तिथे उभी होते.

मावशी जन्मापासून बहिरी. समोरच्याचे ओठ वाचते, हातांनी बोलते. पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी तिला बायकांच्या वॉर्डात ठेवलं होतं. सोबत कुणाला राहू देत नव्हते.

"सिस्टर, तिला ऐकू येत नाही हो."

"मग मोठ्यानं बोलू," त्या मास्कमधून म्हणाल्या.

मास्क! म्हणजे ओठही गेले. त्यात उजव्या हाताला सलाईन, तो फळीला बांधलेला. तिचं तोंडच बांधलं म्हणा ना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले तर वॉर्डात आरडाओरडा. सिस्टर इंजेक्शन घेऊन उभ्या, आणि मावशी त्यांना जवळ येऊ देईना.

"नाव विचारलं की मुकाट मान हलवतात. आज काय अंगात आलंय?"

तेवढ्यात दुसरी सिस्टर धावत आली.

इंजेक्शन भलत्याच पेशंटचं होतं.

माफी? कुणी मागितली नाही.

मी खुणेनं विचारलं, 'तुला कसं कळलं?'

तिनं मोकळा हात शेजारच्या खाटेकडे केला. 'हिनं सांगितलं. दिवसभर हीच तर बोलते माझ्याशी.'

मी वळून पाहिलं...

खाटेवर गादीसुद्धा नव्हती. नुसता पत्रा.

'मनगटं सुजलीत बिचारीची,' मावशीचा हात सांगत होता. 'तरी बोलते.'

मी बाहेर जाऊन आयाबाईंना गाठलं, त्या खाटेवर कोण होतं ते विचारलं. त्या आधी उडवाउडवी करत राहिल्या. मग इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "होती एक. तुमच्या मावशीसारखीच. सलाईन उपटते म्हणून दोन्ही हात बांधले होते. चुकीचं इंजेक्शन दिलं तेव्हा खूप ओरडली... सगळ्यांना वाटलं, हिचं रोजचंच आहे."

डिस्चार्जच्या दिवशी मावशी त्या पत्र्याशी बराच वेळ बोलत बसली. मग माझ्याकडे वळली.

'ती विचारतेय, तिच्या घरी कुणी कळवलं का?'

'हो,' मी खूण केली. 'येतील न्यायला.'

मावशी खाटेकडे बघत राहिली...

'तू खोटं बोललीस, असं म्हणतेय. म्हणते, मग मी तुमच्याकडेच येते.'

रिक्षात मावशी एका कडेला सरकून बसली. मधे एका माणसाची जागा सोडून.

आता तिच्या घरी गेले की मी हात मांडीखाली दाबून बसते. चुकूनही खूण करत नाही.

मावशी मात्र खूश आहे. म्हणते, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घरात बोलायला कुणीतरी आहे.