तीनदा ओढलं की

त्या खुर्चीत नको, इथे स्टुलावर बसा. आईच्या चौकशीला आलात आणि मी बसूही देत नाही, राग मानू नका. सांगते.

दोरी मीच आणली होती, खरं तर पडद्याला लावायला. आईचं डावं अंग लुळं पडलं होतं, जीभही वळत नव्हती. मी स्वयंपाकघरात असले की तिने मला बोलवायचं कसं? म्हणून दोरीचं एक टोक तिच्या उजव्या मनगटाला, दुसरं माझ्या. एकदा ओढलं की पाणी. दोनदा ओढलं की कुशीवर वळवायचं, नाहीतर पाठ सोलवटते. आणि तीनदा? ती व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंची कल्पना.

"कामापुरतंच जाऊ नका त्यांच्याजवळ," त्या म्हणाल्या. "तीनदा ओढलं की नुसतं येऊन बसायचं. पेशंट नाहीत त्या, आई आहे तुमची."

बोलायला काय जातं! तीनदाच जास्त यायचं. दूध उतू जायच्या बेतात असायचं, नाहीतर हातात ओले कपडे असायचे, आणि नेमकी तेव्हाच ओढ. मी पाय आपटत जायचे आणि त्या खुर्चीत बसायचे. पण खोटं कशाला बोलू, बसलं की राग निवायचा. मी तिचा हात चोळायचे, तिच्यासाठी नोकरी सोडली त्या चष्म्याच्या दुकानातल्या गमती सांगायचे. ती अर्ध्या ओठांनी हसायची. जन्मभर एका घरात राहून आम्ही इतक्या जवळ कधी आलो नव्हतो.

हळूहळू आई सुधारली. धरलं की उठायला लागली, तोंडातून शब्द फुटायला लागले. दुकानाच्या मालकांनी मला परत बोलावलं. मला तर आकाश ठेंगणं झालं. कामावर जायच्या आदल्या दुपारी मी तिच्या मनगटाची गाठ सोडली आणि थट्टेने म्हणाले, "आता कुणाला छळशील गं तीनदा ओढून?"

ती माझ्याकडे बघतच राहिली.

"मी... तीनदा... कधीच नाही ओढलं."

"काहीतरीच काय, आई!"

"नाही गं. तू आपणहून यायचीस... मला किती बरं वाटायचं..."

खोलीत औषधांचा आणि उन्हात तापलेल्या गादीचा वास होता. पंखा बंद होता. सोडलेलं टोक चादरीवर पडलं होतं आणि आईचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते. तेवढ्यात माझ्या मनगटाला ओढ आली. सावकाश. एक... दोन... तीन.

मी दोरी कापली आणि बाहेर नेऊन जाळली.

सकाळी शेजारच्या काकूंना लक्ष ठेवायला सांगून निघाले. कोपऱ्यावर पोचते न पोचते तोच उघड्या मनगटाला ओढ आली. दातओठ खात चालत राहिले. बसमध्ये बसेपर्यंत मनगटावर लाल वळ उठला होता. दुकानात शिरले आणि ओढ थांबली. सुटले एकदाची! त्या दिवशी मी प्रत्येक गिऱ्हाइकाशी हसून बोलले.

संध्याकाळी दार उघडलं तर आई त्या खुर्चीत बसलेली. धरल्याशिवाय तिला पलंगावरून उतरता येत नव्हतं, आणि काकू तर दुपारीच घरी गेल्या होत्या. चेहरा पांढराफटक, ओठ सुकलेले, मनगटावर ताजा वळ.

"तू आली नाहीस..." ती कुजबुजली. "मग मला बोलावलं. उठू देत नाही गं..."

मी तिला ओढलं, हलवलं. ती जागची हलेना. शेवटी मीच खुर्चीच्या कडेला टेकले, तेव्हा कुठे तिचा हात सैल पडला.

नोकरी गेली ती गेलीच. आई आता बाहेरच्या खोलीत झोपते, काठी टेकत भाजीही आणते. तुम्ही मघाशी म्हणालात ना, पोरीने आईला उभं केलं? केलं खरं. मी मात्र इथेच. परत तिला बसावं लागू नये, एवढंच बघते. मला भीती वाटते, कंटाळा येतो, कधी कधी तिचाही राग येतो. पण आई आहे हो माझी.

पलंग रिकामा आहे, बघताय ना? चादर मात्र रोज बदलावी लागते.

इतके दिवस फक्त तीनदा यायचं. परवापासून दोनदाही यायला लागलंय.

मग मी उठते आणि वळवते. आईपेक्षा बरंच जड आहे.