समोरची पकड

कॅमेऱ्यात आधी काय झिजतं, असं कुणी विचारलं की डॉक्टरची कळी खुलायची. तो काही औषधाचा डॉक्टर नव्हता. कॅमेरे दुरुस्त करायचा. पण कॅमेरा कानाला लावून शटरचा आवाज ऐकायची त्याची खोड बघून गिऱ्हाइकांनी त्याला डॉक्टर करून टाकलं होतं. लोकांना वाटतं, शटर आधी जातं. जातं, पण फार पुढे. आधी जातं ते पकडीवरचं रबर. हाताच्या घामाने फुगतं, सैल पडतं, बोटांखाली गुळगुळीत होतं. मग बटणांवरच्या खुणा पुसतात, मग डोळ्याशी टेकणारी मऊ कड फाटते. नुसत्या रबरावरून तो सांगायचा, हा माणूस अंगठी घालतो, हा घाबरट आहे, कॅमेरा आवळून धरतो. बहुतेक वेळा खरं निघायचं, त्यामुळे स्वारी थोडी चढलेलीही होती.

एका लंबूचा कॅमेरा तेवढा त्याला उलगडत नव्हता. लंबू त्याचा जिवलग मित्र, फोटोग्राफर, ताडमाड उंच. सगळ्यांचं रबर उजव्या बाजूला झिजतं, ह्याचं डाव्या. बदलून दिलं की थोड्याच दिवसांत पुन्हा गेलेलं. वर लेन्सचंही रडगाणं. समोर अख्खा डोंगर असला तरी ती नाकाजवळचंच काहीतरी शोधत घरघरत राहायची, आणि त्या धावपळीत तिची मोटर बिचारी लवकर थकली. डॉक्टर म्हणायचा, फोटो काढतोस की कुस्ती खेळतोस? लंबू आधी हसायचा. शेवटच्या खेपेला हसला नाही.

"मी तिथे हात लावतच नाही रे," एवढंच म्हणाला.

डॉक्टरने ते हसण्यावारी नेलं. पिशवीत घासत असेल, म्हणाला. पुढे लंबू एका इमारतीच्या गच्चीवर काम करताना खाली पडला. उलटा, पाठीवर. फोटो काढता काढता मागे सरकत गेला असावा, असं सगळे म्हणाले, आणि त्या धंद्यात असं होतंही. कॅमेरा कसा कोण जाणे, गच्चीवरच राहिला होता. धडधाकट.

लंबूच्या बायकोने तो आणून डॉक्टरच्या टेबलावर ठेवला. "भाऊजी, घरात बघवत नाही. तुमच्या पोरीला द्या, तिच्या हातात राहू दे," म्हणाली. डॉक्टरची पोर नुकतीच फोटो काढायच्या कामात पडली होती आणि उसन्या कॅमेऱ्यांवर दिवस काढत होती. आईवेगळी, एकुलती एक. तिच्यापलीकडे डॉक्टरला जगात कुणी नव्हतं. त्याने मोटर बदलली, नवं रबर बसवलं, आणि सकाळी ती मागच्या गल्लीतल्या शाळेचे खेळ टिपायला निघाली तेव्हा कॅमेरा स्वतःच्या हाताने तिच्या गळ्यात घातला. पोरीचा चेहरा असा काही फुलला की त्याला भरून आलं.

दुपारी तो टेबल आवरायला बसला. जुन्या कॅमेऱ्यांची रबरं बाजारात मिळत नाहीत. मोठ्या तुकड्यातून कापून काढावी लागतात. मापासाठी म्हणून काढलेलं रबर तो कधी फेकत नसे. लंबूची सगळी एका डब्यात साठली होती. आजचं त्यात टाकताना त्याने सहज ती शेजारी शेजारी मांडली. आजवर एकेक करून बघितलेली, एकत्र कधीच नाही.

डावीकडची पट्टी पुढून निघून कडेला वळून मागे जाते. प्रत्येक पट्टीवर त्याच खुणा होत्या. पुढे एकच, रुंद. मागे चार, बारीक.

डॉक्टरने टेबलावरचा दुसरा कॅमेरा उचलला आणि डाव्या हातात धरला. त्याचा अंगठा मागे आला, बोटं पुढे. असंच येणार, फोटो काढणारा मागेच तर असतो. इथे सगळं उलटं होतं. मग त्याने कॅमेरा फिरवला, लेन्स स्वतःकडे केली आणि उजवा हात लावला. आता अंगठा पुढे आला आणि चार बोटं मागे, जिथल्या तिथे. इतकी वर्षं त्याने प्रत्येक कॅमेरा मालकाच्या बाजूनेच धरून पाहिला होता.

म्हणजे लंबूच्या डोळ्याला कॅमेरा असताना समोरून कुणीतरी…

त्याने पोरीला फोन लावला. घंटा वाजत राहिली. दुकान उघडं टाकून तो पळाला.

शाळेच्या मैदानात मुलांचा गलका चालला होता. पोर मैदानात नव्हती. शिपाई म्हणाला, वरून चांगले येतात म्हणून ताई गच्चीवर गेल्या. जिने चढता चढता डॉक्टरचा ऊर फुटायला आला.

ती उन्हात उभी होती, कॅमेरा डोळ्याला. मैदानाकडे तिची पाठ होती आणि समोर नुसती मोकळी गच्ची. ती हळूहळू मागे सरकत होती. मागचा कठडा तिच्या गुडघ्याइतकाच उंच होता. लेन्स घरघरत होती.

ओरडला असता तर ती दचकली असती. "बाळ… आहेस तिथेच थांब," तो हळूच म्हणाला.

"बाबा? सगळं धूसर दिसतंय. मघापासून मागे येतेय, तरी हे फार जवळ…"

"काय जवळ?"

डॉक्टरने तिचा दंड धरून तिला आत ओढलं तेव्हा तिने कॅमेरा सोडला नाही. तो तिच्या हातातून काढायला त्याला फार जोर लावावा लागला, आणि उलटी ओढ पोरीच्या बाजूने येत नव्हती. सकाळी बसवलेल्या रबरावर मागे चार खळगे पडले होते. कोवळे, अजून ओलसर.

कॅमेऱ्याची बॅटरी काढून, लेन्स वेगळी करून त्याने तो कपाटात बंद केला. पोरीला नवाकोरा घेऊन दिला, दुसऱ्या बनावटीचा, कुणाचाही हात न लागलेला. दिवस गेले. तिचं काम वाढलं, डॉक्टर पुन्हा गिऱ्हाइकांची थट्टा करू लागला. लंबूची आठवण आली की मात्र त्याला स्वतःचाच राग यायचा.

परवा सकाळी ती दुकानाच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, काम करतानाचा तुमचा एक छान फोटो काढते. डॉक्टर लाजला, केस सारखे केले. तिने कॅमेरा डोळ्याला लावला. लेन्स थोडी घरघरली.

"बाबा, जरा मागे व्हा ना," ती म्हणाली, आणि स्वतःच एक पाऊल मागे, पायरीच्या कडेशी गेली. "अगदी तोंडाशी आलात."

डॉक्टर दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीला पाठ लावून बसला होता.