गिधाडकड्यावरची जांभळी पट्टी

"हात लावू नकोस, रुद्र!" सुवर्णा ओरडली.

"अगं, नुसता बघतोय! काय झकास कॅराबिनर आहे! कुणीतरी विसरून गेलंय. ज्याला सापडला त्याचा!"

अंजनेरीजवळच्या गिधाडकड्याच्या माथ्यावर, कडेपासून बऱ्याच आत, कातळात दोन बोल्ट ठोकलेले होते. त्यांत नायलॉनची एक पट्टी बांधलेली होती आणि तिच्यात दोर अडकवायची ती चकचकीत कडी लोंबत होती. २००४ सालची मे महिन्याची सुट्टी होती. तेरा वर्षांची सुवर्णा आणि तिचा धाकटा भाऊ रुद्र छायामावशीकडे कडे चढायला शिकत होते. मावशीची दहा वर्षांची निकिताही बरोबर होती. मावशी खाली पायथ्याशी सामान लावत होती. मुलांना तिने मागच्या पायवाटेने वर पाठवलं होतं.

"मावशी काय म्हणते, विसरलास?" सुवर्णा म्हणाली. "कड्यावरचं सामान म्हणजे रस्त्यावरचं चिंचेचं बोटूक नव्हे. अडचणीत सापडलेला माणूस ते सोडून उतरतो. ते त्याचंच असतं!"

"आणि त्याच्यावर आपण लटकायचंही नसतं!" निकिताने भर घातली. मग ती खाली वाकली. "ताई, ही पट्टी पांढरी आहे ना? मग गाठीच्या आत जांभळी कशी?"

तिघांची डोकी एकत्र आली. खरंच! गाठीच्या आडोशाला गडद जांभळा रंग होता, बाकी सगळी पट्टी पिठासारखी फिकट. सुवर्णाने ती बोटाने हलकेच उलटवली. कातळाची धार जिथे घासत होती तिथे धागे पिंजले होते.

"उन्हाने खाल्लीय ही!" ती कुजबुजली.

तेवढ्यात मागून शिट्टी वाजली. शहरातल्या एका उन्हाळी शिबिराची वीस मुलं दोराने कडा उतरायला रांगेने वर येत होती. पुढे गॉगल लावलेले सावळीराम सर, मागे दोराचं वेटोळं खांद्यावर घेतलेले धोंडीरामकाका.

"वा! इथे तर सगळी तयारीच आहे!" सर खूश झाले. "धोंडीराम, आपली पट्टी काढूच नका. यालाच दोर बांधा."

"सर, नको!" सुवर्णा पुढे झाली. "ती पट्टी सडलीय. हे बघा, रंग..."

"बाळ, मी दहा वर्षं शिबिरं घेतोय. इतके दिवस टिकलीय, आज काय होणार? चला, बाजूला!"

रांगेतला पहिला मुलगा हेल्मेटचा पट्टा आवळत होता. मावशीला हाक मारून ती वर पोहोचेपर्यंत तो मुलगा दोरावर असणार! तिची नजर आपल्या पोत्यावर गेली. त्यात त्यांनी पाणी आणि कैऱ्या आणल्या होत्या. ती रुद्रच्या कानाला लागली. रुद्र पोतं घेऊन खडकामागे पसार झाला. निकिता पायवाटेने खाली धावली.

"सर, एक विनंती," सुवर्णा शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाली. "आमचं पोतं आधी दोराने खाली सोडता? पायवाटेने न्यायला फार जड होतंय हो!"

"एवढंच ना? आण इकडे! मुलांनो, नीट बघा, सामान कसं उतरवतात ते!"

रुद्रने ओढत आणलेलं पोतं धोंडीरामकाकांनी उचललं आणि त्यांचे डोळेच विस्फारले. "पोरी, लय जड हाय! दगडं भरली का काय?"

"हो काका!" रुद्र म्हणाला.

सगळे खो खो हसले.

खालून निकिताचा आवाज आला, "खाली कुणी नाही!"

काकांनी दोराला पोतं बांधलं, दोर कडीत अडकवला आणि पोतं कडेवरून ढकललं. दोर ताणला गेला.

फट्!

पट्टी तुटली! कडी, दोर, पोतं, सगळं कड्याखाली नाहीसं झालं. क्षणभराने खालून धडाड् आवाज आला. रांगेतला पहिला मुलगा कडेपासून मागे सरकला. सरांनी गॉगल काढला.

धापा टाकत छायामावशी वर आली, मागोमाग निकिता. सगळं ऐकल्यावर मावशीने आधी मुलं मोजली आणि मगच सरांकडे वळली. "सर, दुसऱ्याच्या जुन्या पट्टीवर स्वतःचा जीवसुद्धा टांगू नये. आणि तुम्ही लोकांची लेकरं टांगणार होतात!"

"चुकलो," सर हळूच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी शिबिराच्या मुलांना कड्यावरून उतरवलं नाही.

खाली सापडलेल्या कडीवर हिरव्या चिकटपट्टीचा वेढा होता. मावशीने तो लगेच ओळखला. "ही तर मनमाडच्या फकिरादादांची खूण!"

मावशीचा निरोप मिळाल्यावर पुढच्या रविवारी रेल्वेत नोकरी करणारे फकिरादादा स्वतः कड्याच्या माथ्यावर आले. दोन वर्षांपूर्वी विजा कडाडायला लागल्या, म्हणून पट्टी आणि कडी सोडून ते घाईने उतरले होते. रुद्रने कडी त्यांच्या हातात दिली.

"दादा, नवीच दिसतेय. पुन्हा वापरणार?"

"इतक्या उंचावरून पडलीय, आता कधीच नाही. आतून तडा गेला असेल तर बाहेरून कळायचंसुद्धा नाही." फकिरादादांनी तिघांकडे पाहिलं. "सोडून उतरलो यात चूक नव्हती. पण परत येऊन पट्टी काढली नाही, ही माझी चूक. पोरांनो, तुम्ही त्या दिवशी एका आईचं मूल घरी पाठवलंत, आणि मला आयुष्यभराच्या रुखरुखीतून सोडवलंत!"

त्यांनी आपल्या पिशवीतून कोरी पट्टी काढली आणि सुवर्णापुढे धरली. "बांध. आज तुझ्या गाठीवर मी उतरणार!"