खिशातलं ज्याचं त्याला

काम अगदी साधं होतं. एक चित्र पोचवायचं. फ्रेम तयार, जुन्या चादरीत गुंडाळलेली. काखेत धरायची आणि दहा मिनिटं चालायचं. यात भूत कुठून आलं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. तो फोन उलटा ठेव आधी, उजेड डोळ्यांत जातो. आणि मधेमधे ‘मग काय झालं’ विचारायचं नाही. मी सांगायलाच बसलोय.

हे घडलं आमच्या फ्रेमवाल्याच्या बाबतीत. माझा शाळेपासूनचा मित्र. जन्मभर काचा कापल्या, त्यामुळे बोटांवर जखमांच्या पांढऱ्या रेघा. थापा मारायला जी हुशारी लागते ती त्याच्याकडे नाही, हे मी त्याच्या तोंडावर सांगतो. तारीख सतरा जानेवारी, वार शुक्रवार. रात्रीचे साडेदहा.

चित्र होतं एका लेखकाचं. ते गोष्टी लिहायचे आणि चित्रंही काढायचे. नदीचं वळण, टेकडीवरचं ऊन, बसची वाट बघणारी माणसं, चपला शिवणारा, पाव विकणारी बाई. त्यांची एक पद्धत होती. आधी चित्र, मग गोष्ट. जे रंगवलं नाही त्याबद्दल ते एक ओळ लिहायचे नाहीत. स्टूल घेऊन माणसासमोर बसायचे आणि हात चालू ठेवून हळूहळू त्याला बोलतं करायचे. आपल्याकडे कोणी तासन्‌तास इतकं मन लावून बघतंय म्हटल्यावर माणूस बोलतोच. तुम्ही बोलाल, मीही बोलेन.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाली मावशी होती. पुढे टेबल, मागे निळं दार, दाराला तीन पायऱ्या, तिसरीचा टवका उडालेला. नवरा लवकर गेला. एक मुलगा, बावीस वर्षांचा, त्याच्यावर तिचा जीव. या मावशीची एक सवय सगळ्यांना माहीत होती. कपड्यांच्या खिशात काही राहिलं, सुटे पैसे, तिकीट, कोणाची चिठ्ठी, की ती कागदाच्या पुडीत बांधायची आणि इस्त्री झाल्यावर त्याच खिशात ठेवायची. माझी एक चिठ्ठी अशी परत आली होती. कोणाची ते विचारू नका. तिने उघडूनसुद्धा पाहिली नव्हती. ‘खिशातलं ज्याचं त्याला,’ एवढंच म्हणाली.

लेखकाला तिचं चित्र काढायचं होतं. ती तयार होईना. म्हणे, माझं काय बघायचंय? तेव्हा आमच्या फ्रेमवाल्यानेच तिला समजावलं. ‘मावशी, भला माणूस आहे. निर्धास्त बसा.’ हे वाक्य लक्षात ठेवा. तो अजून विसरलेला नाही.

अकरा दुपारी ते चित्र चाललं. अकराव्या दुपारी ती बोलली. मुलगा तिच्या पोटचा नव्हता. ती आमच्या गल्लीत यायच्या आधी कोणीतरी इस्त्रीला म्हणून गाठोडं ठेवून गेलं, आणि संध्याकाळी सोडलं तर आत कपड्यांत गुंडाळलेलं बाळ. न्यायला कोणी आलं नाही. तिने वाढवलं. मुलाला यातलं काही माहीत नव्हतं. ‘कुणाला सांगू नका हं,’ ती म्हणाली. लेखकाने ब्रश खाली ठेवला आणि शब्द दिला. ‘माझ्यापासून हे पुढे जाणार नाही.’

चार महिन्यांनी मासिकात गोष्ट आली.

नावं बदलली होती, तेवढी लाज होती. मुलाचं वयही बदललं होतं. पण दार निळंच. पायऱ्या तीनच. तिसरीचा टवका डाव्या बाजूला, जिथे होता तिथेच. चित्रकाराचा डोळा ना! नाव खोडायला काही वाटलं नाही, पण टवका हलवायला हात धजला नाही. दोन ओळी वाचल्या की गल्लीतल्या कोणालाही कळावं, हे आपल्या मावशीचं घर. मुलालाही कळलं. मासिक घेऊन तो तिच्यासमोर उभा राहिला. तिने जन्मात खोटं बोलायचा सराव केला नव्हता. ती नुसती टेबल धरून उभी राहिली. त्याच रात्री तो बॅग भरून गेला.

मावशी लेखकाकडे तीनदा गेली. तिसऱ्यांदा आमचा फ्रेमवाला तिथे होता, त्याने कानाने ऐकलंय. ती म्हणाली, ‘त्याला फोन करून एवढंच सांगा की ते सगळं तुम्ही रचलंय. तुम्ही लेखक. तुमचं तो खरं मानेल. माझ्यासाठी एकदा खोटं बोला.’

लेखक म्हणाले, ‘मावशी, त्या गोष्टीतला खरेपणाच लोकांना भिडलाय. ती रचलेली आहे असं मी कोणत्या तोंडाने सांगू?’

मला आजही याचा राग येतो. शब्द मोडताना तोंड होतं, आणि सावरायची वेळ आली तेव्हा ते कुठे गेलं? पण सोडा. ऑक्टोबरात मावशी गेली. मुलाला आठ दिवसांनी कळलं.

आणि जानेवारीत लेखकाच्या चित्रांचं प्रदर्शन ठरलं. अठरा तारखेला सकाळी दहाला उद्‌घाटन. दारातून शिरल्या शिरल्या समोर कोणतं चित्र लावायचं? तर मावशीचं.

फ्रेमवाल्याने ते शेवटपर्यंत मागे ठेवलं होतं. हातच लागत नव्हता त्याचा. शेवटी शुक्रवारी दुपारी बसला. काच पुसली, चित्र बसवलं, मागून खिळे मारले, चारही कडांना चिकटपट्टी लावून बंद केलं. चित्रात मावशी होती तशीच होती. मान खाली, उजवा हात इस्त्रीवर, मागे अर्धवट उघडं निळं दार. त्याने चादर गुंडाळली आणि रात्री निघाला.

मावशीच्या खोलीवरून जावं लागतं. खोली बंद, कुलूप, वर धूळ. तिथे त्याला वास आला. ओल्या कपड्यावर तापलेली इस्त्री ठेवली की येतो ना, तो. वरच्या मजल्यावर कोणी कपड्यांना इस्त्री करत असेल, म्हणून तो चालत राहिला. थोडं पुढे गेल्यावर काखेतली फ्रेम गरम लागायला लागली. आपल्याच अंगाची ऊब, त्याने मनाशी म्हटलं. जानेवारीची थंडी होती. बोटं गारठलेली होती.

लेखक घरात एकटेच होते. बायको मुलीकडे गेलेली. स्वारी खुशीत होती. खुर्चीवर उद्याचा पांढरा सदरा पडला होता, चुरगळलेला. ते दाखवून हसले. ‘बघ, मावशी गेल्यापासून माझे हे हाल. घरात इस्त्रीसुद्धा नाही.’

 फ्रेमवाल्याने चित्र भिंतीशी टेकवलं आणि चादर काढली.

काच धुरकटलेली होती.

‘ओलं असताना बंद केलंस की काय?’ लेखक चिडले. त्याने बाहीने काच पुसली. धुरकटपणा गेला नाही. तो आतून होता. काचेच्या आतून, वाफ धरल्यासारखा.

मग वाफ वरून विरायला लागली. हळूहळू. आधी निळं दार दिसलं. मग तीन पायऱ्या. मग टेबल. टेबलावर इस्त्री, उभी करून ठेवलेली.

मावशी नव्हती.

दार... आता पूर्ण उघडं होतं.

  मग आतल्या खोलीतून आवाज आला. सर्र... सर्र... ठक्.

‘कोण आहे?’ लेखक म्हणाले.

सर्र... सर्र... ठक्.

तुम्ही तो आवाज ऐकलेला नाही. आमच्या गल्लीत आम्ही वीस वर्षं ऐकला. मावशी दोनदा फिरवायची आणि एकदा ठेवायची. नेहमी.

लेखकाचे ओठ पांढरे पडले होते. ‘मावशी,’ ते म्हणाले, ‘मी... मी सांगतो त्याला. रचलेलं होतं म्हणून सांगतो.’

आवाज थांबला.

एकदम. घर इतकं शांत झालं की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू यायला लागला. अकराला दहा कमी होते. फ्रेमवाल्याने स्वतःच्या फोनवर मुलाचा नंबर काढला आणि फोन पुढे केला. ‘सर, आत्ता बोला. ती ऐकतेय.’

लेखकांनी फोन घेतला. नंबराकडे बघितलं. अंगठा वर धरलेला. मग... अंगठा खाली घेतला. घसा खाकरला.

‘सकाळी करतो,’ ते म्हणाले. ‘आधी उद्‌घाटन होऊ दे. नाहीतर लोक विचारतील, मग खरं काय?’

फ्रेमवाला मला म्हणाला, ‘मी भुताला भ्यालो नव्हतो रे. त्या वाक्याला भ्यालो.’

सर्र...

आता आवाज आतल्या खोलीतून येत नव्हता. दाराच्या अलीकडून येत होता.

सर्र...

त्याने फोन हिसकावला. धावला. मागे बघितलं नाही. ‘ठक्’ ऐकायला तो थांबलाच नाही.

मावशीच्या पायऱ्यांशी येऊन तो बसला आणि तिथूनच त्याने मुलाला फोन लावला. ज्याला थाप मारता येत नाही, त्याने आयुष्यात एकदाच मारली. म्हणाला, ‘पोरा, मी लेखकाकडूनच येतोय. ते म्हणाले, सगळं रचलेलं होतं. तू तिचाच.’

 मुलगा म्हणाला, ‘काका, हे त्यांनी ती असताना सांगितलं असतं तर...’

त्याने फोन ठेवला.

सकाळी नऊला फ्रेमवाला शेजारच्या दोघांना घेऊन लेखकाकडे गेला. दार त्याने टाकलं तसंच सताड उघडं. लेखक खुर्चीत बसले होते. जिवंत. अजूनही आहेत. त्या रात्रीबद्दल त्यांनी कोणाला एक शब्द सांगितला नाही, आणि त्यानंतर एक ओळ लिहिली नाही की एक रेघ ओढली नाही. त्यांच्या त्या प्रदर्शनाला कुलूपच राहिलं.

चित्र भिंतीशी होतं. काच स्वच्छ. मावशी जागेवर, मान खाली, हात इस्त्रीवर. मागची चिकटपट्टी जशीच्या तशी. तेव्हा तुम्ही म्हणाल की फ्रेमवाल्याला भास झाला, वय झालं. म्हणा. शेजारचे दोघंही तेच म्हणत होते. टेबलावरच्या सदऱ्याला हात लागेपर्यंत.

रात्री चुरगळलेला सदरा. टेबलावर घडी करून ठेवलेला होता, कॉलर वर, बाह्या मागे, मावशी करायची तशी. कडक इस्त्री. आणि गरम.

खिशात एक पुडी होती. फ्रेमवाल्याने ती उघडली. मासिकातून सोडवलेली ती गोष्ट, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, चार घड्या घालून.